जरा दुखतंय

आमच्या कंपनीतून कुणी परदेशी निघालं की त्याच्या विम्याचं काम माझ्याकडे येतं. आंब्याचा रस डब्यांत भरून बाहेर पाठवणारी आमची कंपनी, रत्नागिरीच्या एमआयडीसीतली. मी तिथलं ऑफिस सांभाळतो. प्रदर्शनाला, नव्या यंत्राचं काम शिकायला, कधी एखाद्या गिऱ्हाइकाला भेटायला आमची चार-दोन माणसं वर्षाकाठी बाहेर जातात. तिकडे कुणी आजारी पडलं, कुणाचा हात-पाय मोडला, तर दवाखाना, औषधं, ॲम्ब्युलन्स, वेळ पडलीच तर माणसाला घरी परत आणणं, हे सगळं त्या विम्यात येतं. निघण्याआधी मी प्रत्येकाला समोर बसवून नीट समजावतो. तुम्ही फार तळमळीने सांगता हो, असं मागे एकजण म्हणाला. मी हसलो. तळमळ कशाची, ते त्याला कुठून कळणार.

दुपारी जेवून पडलो की अर्धवट झोपेत मला एक आवाज ऐकू येतो. घर मांडवीला, त्यामुळे समुद्र तसा कायमच कानात असतो. भरतीला उशाशी, ओहोटीला कुठेतरी लांब. त्या गाजेच्या आतून कुणीतरी अगदी साध्या सुरात म्हणतं, जरा दुखतंय. मी जागा होतो. पंखा फिरत असतो, पडदा वाऱ्याने पोट फुगवून उभा असतो, आणि मी या टोकाला आहे की त्या, बोलणारा आहे की ऐकणारा, हे थोडा वेळ समजत नाही. मग समजतं. मी मधला आहे.

तो आवाज आमच्या पॅकिंग सुपरवायझरचा. लांज्याकडच्या एका वाडीतला माणूस, माझ्याहून दहाएक वर्षांनी धाकटा. मला भाऊ म्हणतो. शिमग्याला गावच्या नमनाच्या खेळात मृदंग वाजवायचा. एरवी वर्षभर जे हाताला लागेल ते वाजवायचा. जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या डब्यावर त्याची बोटं सुरू झाली की लाइनवरच्या बायका म्हणायच्या, ओ, पोचा आला की नापास करायला परत तुम्हीच येणार. तो म्हणायचा, हा डबा पास, आवाज चांगला आहे.

त्या वर्षी आखातातल्या एका शहरात प्रदर्शन होतं आणि मालकांबरोबर जायचं होतं मी. इंग्रजी मला येत होतं, व्हिसाही निघाला होता. पण मला विमानाची भीती वाटते. हे वाक्य मी आज पहिल्यांदाच लिहितोय. पन्नाशीच्या माणसाने, ज्याच्या टेबलावरून दुसऱ्यांची विमानाची तिकिटं जातात, त्याने हे कुणाला सांगायचं? मी मालकांना सांगितलं की सासूबाईंचं बरं नाही. सासूबाई तेव्हा पडवीत बसून कुळीथ निवडत होत्या आणि मला हाक मारून विचारत होत्या, भाकरी आणखी एक टाकू का. माझ्या जागी कोण जाईल, तर त्याचं नाव मीच सुचवलं. त्याला केवढा आनंद झाला. त्या आनंदामुळे मला बरंच हलकं वाटलं, हेही खरं.

विमा समजावताना तो चहा बशीत ओतून पीत होता.

"मेलो तर?" त्याने विचारलं.

"तर परत आणतात. त्यांच्या खर्चाने."

"बघा म्हणजे. जिता माणूस लांज्याच्या स्टँडवर तासभर उभा राहतो, त्याला कोण विचारत नाय."

निघायच्या आदल्या रविवारी त्याच्या वाडीने ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं. मला आग्रहाने बोलावलं होतं. गाऱ्हाण्यात ज्याचं काम असतं तो हात जोडून गप्प उभा राहतो. त्याच्या वतीने गुरव देवाशी बोलतो आणि बाकीचे होय म्हाराजा म्हणतात. हे तुझं लेकरू दर्यापलीकडे चाललंय, वाटेत काही आडवं आलं, दुखलं-खुपलं, परक्या मुलखात कुणी विचारणारं नसलं, तर तू उभा राहा, म्हाराजा. होय म्हाराजा. मी मागे उभा होतो. देवळाच्या पत्र्यावर आंब्याची पानं घासत होती, उन्हाचे कवडसे माणसांच्या पाठींवरून सरकत होते, आणि मला वाटलं, विम्याच्या कागदांत आठवडाभर मी जे इंग्रजीत वाचतोय ते हेच तर आहे. परतताना मी त्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, फरक एवढाच, देवाला फोन लावला की गाणं वाजत नाय. अंगाऱ्याची पुडी आणि विम्याचं कार्ड त्याने एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी स्टॉलचा फलक बांधताना तो शिडीवरून पडला, डाव्या हातावर. मालकांचा मला फोन आला. हाताला लागलंय, विमावाल्यांशी बोलून घे. जास्त असेल तर याला दवाखान्यात ठेवू आणि तू उद्याच्या विमानाने ये, व्हिसा आहेच तुझा.

दुपार होती. ऑफिस जेवायला गेलं होतं. मागच्या कलमांना मोहोर आला होता आणि त्याचा तो गोड, जड वास खिडकीतून आत येऊन टेबलावर बसला होता. विम्याच्या मदतकेंद्राने थांबायला सांगितलं. कानात एक गाणं वाजत राहिलं, शब्द नसलेलं, कुठेच न पोचणारं. मग एका डॉक्टरचा आवाज आला. कुठल्या देशातून बोलत होता कोण जाणे. त्याच्या मागे पाऊस पडत असावा असं मला उगाच वाटलं. त्याला मराठी-हिंदी येत नव्हतं, याला इंग्रजी बोलता येत नव्हतं. म्हणून तिघांचा फोन एकत्र जोडला. तीन माणसं, तीन गावं, आणि मध्ये पाण्यासारखी खरखर.

डॉक्टरने विचारलं, किती दुखतंय. मी मराठीत विचारलं.

पलीकडून आधी नुसता श्वास आला. दातांमधून आत ओढलेला. मग तो म्हणाला, "काय नाय वो. जरा दुखतंय, भाऊ."

आमच्याकडे 'जरा' हा शब्द काय काय उचलतो, ते आमच्याकडच्यालाच माहीत. कळा सुरू झालेली बाई जरा पोटात येतंय म्हणते. होडी उलटून पोहत काठाला आलेला माणूस जरा भिजलो म्हणतो. माझे वडील गेले त्या सकाळी चहाचा कप अर्धा ठेवून म्हणाले होते, जरा पडतो. दुःख मोठ्याने सांगणं म्हणजे ऐकणाऱ्याला कामाला लावणं, तेवढं कुणी करत नाही. ऐकणाऱ्याने ते आपणहून वाढवून घ्यायचं असतं. मी याच मातीत वाढलो. तो श्वास आणि तो 'जरा' ऐकल्याबरोबर मला कळलं, हात मोडलाय.

मी डॉक्टरला इंग्रजीत सांगितलं, थोडंसं दुखतंय म्हणतो.

शब्दाला शब्द ठेवला. कुठल्याही कोर्टात टिकेल असं भाषांतर. डॉक्टरने सुजेबद्दल विचारलं. तो म्हणाला, सूज हाय जराशी. मी पुन्हा तोच इंग्रजी शब्द पुढे सरकवला. बोटं हलत होती. मग डॉक्टर म्हणाला, विम्यात सगळं येतं, जवळचं हॉस्पिटल सांगतो, हाताचा एक्स-रे फोटो काढून घ्यायचा आहे का त्यांना, विचारा.

हे मी विचारलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर विमानाचा तो लांब बोगदा होता, आणि खिडकीतून दिसणारं नुसतं पांढरं. मी म्हटलं, तशी गरज वाटत नाही. डॉक्टरने वेदनेच्या गोळीचं नाव सांगितलं, वाढलं तर परत फोन करा म्हणाला, आणि खरखर थांबली. मोहोराचा वास तसाच होता. मला झोप आल्यासारखं झालं.

तो हाताला रुमाल गुंडाळून उरलेले दिवस स्टॉलवर उभा राहिला. येताना सगळ्यांसाठी खजूर आणला. महिनाभराने दुखणं थांबेना तेव्हा इथे फोटो काढला. मनगटातलं एक बारीक हाड. वेळेवर प्लास्टर बसलं असतं तर जुळलं असतं, इथले डॉक्टर म्हणाले. आता त्याला रक्त मिळेनासं झालंय. ऑपरेशन झालं. मनगट वळायचं थांबलं. क्लच दाबवेना म्हणून त्याने मोटरसायकल विकून बिनगिअरची स्कूटर घेतली. मृदंगाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात, ती थापायला मनगट सैल लागतं. पुढच्या शिमग्यात दुसरा कुणीतरी वाजवायला बसला आणि हा झांज घेऊन मागे उभा राहिला.

मी त्याच्यासाठी पुष्कळ केलं. बसून करायचं काम दिलं, ऑपरेशनला सोबत गेलो. तो सगळ्यांना सांगायचा, भाऊंसारखा माणूस नाय. प्रत्येक वेळी मला ते गाणं ऐकू यायचं, शब्द नसलेलं.

यंदा आमच्या प्रयोगशाळेतल्या एक बाई परदेशी जायच्या आहेत. मी त्यांना विमा समजावत होतो, आणि हा शेजारी बसून डाव्या हाताने कप धरायचा प्रयत्न करत होता. माझं संपल्यावर तो त्यांना म्हणाला, "ताई, फोनवर कोण विचारला तर जरा म्हणू नका. रडा. मी जरा म्हटलं आणि हात घालवून बसलो. या तोंडाने केला सगळा."

बाई हसल्या. तोही हसला. मी उठून खिडकीशी गेलो. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्याचा हात नशिबाच्या खात्यावर गेलाय. तो गेला होता त्याच्या स्वतःच्या तोंडाच्या खात्यावर. आणि गाऱ्हाणं घालायला उभा राहिलेला मी होतो. कुठला गुरव देवापुढे दुसऱ्याचं दुखणं कमी करून सांगतो? तो वाढवतो, आळवतो, देवाला उभं राहायला लावतो. तो माणूस हात जोडून गप्प होता, कारण बोलायला मी होतो.

त्या संध्याकाळी मी त्याला मांडवीच्या जेटीवर बोलावलं. ओहोटी होती. भगवतीच्या किल्ल्याकडून ऊन उतरत होतं आणि पाणी इतकं निवांत होतं की बोललो नाही तरी चालेल असं वाटावं. नेहमी असंच वाटत आलंय. मी समुद्राकडे बघत सगळं सांगितलं: सासूबाई, विमान, तो श्वास.

"म्हणजे तुम्हाला कळला होता?" त्याने विचारलं.

"हो."

"किती दुखत होता ता?"

"सगळं कळलं होतं. आणि फोटो काढायचा का, असं डॉक्टरने विचारलं होतं. ते मी तुला सांगितलंच नाही."

तो उजव्या हाताने डावं मनगट धरून बसला, ते दुसऱ्या कुणाचं असावं तसं. एक होडी आत आली, तिच्यावरच्या माणसांनी दोर फेकला, बांधला, टोपल्या उतरल्या. मग तो म्हणाला, घरात बायको अजून बोलते. मेल्या, तोंड होता ना, सांगायला काय झाला होता. तिचा राग त्याला रास्तच वाटायचा. मृदंग कपड्यात बांधून माळ्यावर टाकला तोही तिनेच, दिसला की तिचा जीव जळायचा म्हणून.

मी माफी मागितली. ती त्याच्यापर्यंत पोचली की नाही, सांगता येणार नाही.

"जरा राग आलाय, भाऊ," तो म्हणाला.

या वेळी भाषांतर करायला मध्ये कुणी नव्हतं. मी तो शब्द त्याच्या पूर्ण वजनासकट घेतला.

तो उठला. एरवी मला घरापर्यंत सोडतो, त्या दिवशी स्कूटरवर बसा म्हणाला नाही. चार पावलं गेला आणि वळला. "रविवारी घरी या. तिच्यासमोर सांगा हा सगळा. माझ्याने नाय सांगवणार, ती म्हणेल भाऊंचा नाव पुढे करतोय." आणि स्कूटरची किल्ली काढत, "जरा-बिरा नको."

हे मी लिहावं का, तेही त्यालाच विचारलं. लिहा, म्हणाला, नाव कुणाचा नको.

रविवारी लांज्याच्या गाडीत खिडकीशी बसलो. कातळ मागे जात होता, उन्हाने पांढरा, मधूनच एखादं हिरवं कलम. विमानातून खाली असंच दिसत असेल का, असा विचार आला आणि मी खिडकीबाहेर बघायचं थांबवलं. वाडीतल्या देवळावरून जाताना हात जोडले, पण काही मागितलं नाही.

त्याची बायको पाणी घेऊन आली. गुळाचा खडा पुढे केला. म्हणाली, "तुम्ही आलात बरा झाला, भाऊ. यांना तुम्हीच कायतरी सांगा, माझा ऐकत नायत." तो भिंतीला टेकून गप्प बसला होता, दोन्ही हात मांडीवर, देवळात उभा होता तसाच.

मी पाणी प्यायलो, तांब्या खाली ठेवला आणि म्हटलं, "वहिनी, बसा. यांचा हात माझ्यामुळे गेला."