कुंडीमागची चार बोटं

रंग ओळखण्यात माझ्या साडूंइतका पक्का आणि रंग ठरवण्यात त्यांच्याइतका डळमळीत माणूस अख्ख्या आखातात दुसरा झाला नसेल. शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका रंगाच्या कारखान्यात ते शेड जुळवायचे. कुणी गाडीच्या दाराचा टवका आणून टेबलावर ठेवावा, साडूंनी चष्मा कपाळावर सरकवून एकदा बघावं आणि सांगावं, पांढऱ्यात दोन थेंब पिवळा, थेंबभर काळा. मशीन मागाहून तेच सांगायचं. असा हा माणूस स्वतःच्या हॉलमधल्या फायरप्लेसचा रंग नऊ वर्षं ठरवत होता.

शारजात फायरप्लेस कशाला, हे मलाही कळलं नव्हतं. नव्वदच्या सुमारास मी शारजातल्याच रोल्ला भागात राहायला आलो तेव्हा साडू कंपनीने दिलेल्या एका जुन्या बैठ्या व्हिलात राहत होते. आधी तिथे राहून गेलेल्या कुणा इंग्रज साहेबाने मायदेशाच्या आठवणीने हॉलच्या भिंतीत ती बांधून घेतली होती. धुराडं नव्हतंच, सगळा देखावा. माझी मेहुणी, म्हणजे बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही दोघंही ताई म्हणतो, ती तिला सरळ चूल म्हणायची आणि आत कांद्याबटाट्यांची टोपली ठेवायची. साडू टोपली उचलून तिथे लाल बल्ब लावायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा टोपली.

फायरप्लेसवर कायम पाचसहा रंगांचे पट्टे असत. मोरपंखी, अंजिरी, अबोली, राखी, मेंदी. शुक्रवारच्या सुट्टीला जेवायला बोलावलेल्या पाहुण्याला ताटाआधी पट्ट्यांसमोर उभं करायचे आणि मत द्यायला लावायचे. कोणी मोरपंखी म्हणालं की, "संध्याकाळच्या उजेडात बघा, मग बोला." संध्याकाळपर्यंत थांबलं की, उद्या सकाळी बघा. एकदा ऐन ऑगस्टमध्ये मी गेलो तर पडदे ओढलेले, एसी सोळावर, लाल बल्ब पेटवलेला आणि साडू शाल पांघरून बसलेले. थंडीत शेड कशी दिसते ते बघत होते. मलाही शाल दिली. बाहेर डांबर वितळत होतं आणि आम्ही दोघं शहाणे कुडकुडत टोमॅटोचं सूप पीत होतो. त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी आली, आमच्याकडे एकदा बघितलं आणि "बाबा, जस्ट पिक वन, प्लीज" एवढंच बोलून पुस्तक घेऊन आत गेली.

बरं, एखादा रंग लावायचेच नाहीत असंही नव्हतं. त्यांचा गणपती त्या फायरप्लेसपुढे बसायचा. त्यासाठी दरवर्षी एक रंग पूर्ण लावायला घ्यायचे आणि तीन बाजू झाल्या की चौथीला काहीतरी खुसपट निघायचं. लांबी, म्हणजे पुट्टी, नीट भरली नाही, प्रायमर ओला राहिला, दमट हवेत रंग धरत नाही. विसर्जन झालं की पुन्हा पट्टे. आमच्या मंडळींत वर्षंही तशीच ओळखली जात. कुणाचा मुलगा कधी झाला विचारलं, तर डाळिंबी गणपतीच्या वर्षी. मी त्यांची यथेच्छ टिंगल करायचो. ते हसायचे आणि म्हणायचे, "इन्शाल्ला, शेड नक्की व्हायचीय अजून."

खरं कारण मला एकदा त्यांच्या गाडीत कळलं. मी नेहमीसारखा डिवचत होतो, तर त्यांनी गाडी बाजूला घेतली. म्हणाले, रोल्लात चार जण एका खोलीत राहायचो तेव्हा माझा एक दोस्त होता. त्याने फॅमिली आणली, फ्लॅट घेतला, सोफा, पडदे, सगळं हौसेनं केलं. शेवटचं झुंबर राहिलं होतं, ते गुरुवारी लावलं, स्टूल मी धरलं होतं. शनिवारी त्याच्या हातात व्हिसाचं कॅन्सलेशन. दुसऱ्याने काचेचं कपाट पूर्ण भरलं, महिन्यात गेला. तिसऱ्याची तर नुसती नावाची पाटी लागली होती.

"इथे घर पूर्ण झालं की मॅनेजरला वास येतो बघा, साडूभाऊ," ते म्हणाले. "अर्धवट माणसाला कोणी हात लावत नाही."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांच्या एका व्हिसावर बायको, मुलगी, मुलीचं कॉलेज आणि पुण्यातल्या म्हाताऱ्या आईवडिलांची औषधं उभी होती, हे मला ठाऊक होतं. तरी मी हसलो, हा माझा नतद्रष्टपणा.

आणि मग नेमका तो पेच आला. अबुधाबीहून एक स्थळ आलं. मुलामुलीचं आधीच जमलेलं होतं, आता फक्त आईवडील शुक्रवारी रीतसर यायचे होते. ताईने फर्मान काढलं, की चूल एका रंगाची झाली नाही तर पाहुण्यांसमोर मी तिच्यात गॅसची शेगडी ठेवून भाकऱ्या थापीन. ताई बोलते ते करते. इकडे त्याच महिन्यात साडूंच्या कारखान्याला नवा मालक आला होता आणि रोज दोघातिघांना घरी पाठवलं जात होतं. शेड जुळवायला दुसरं, मोठं मशीनही येणार होतं. साडूंचा चेहराच उतरला. एकीकडे पोरगी, दुसरीकडे पोट. दोन रात्री त्यांना झोप नव्हती असं ताई माझ्या बायकोला फोनवर सांगत होती.

गुरुवारी गेलो तर फायरप्लेस चारी बाजूंनी अबोली, पायथ्याशी मनीप्लांटची भलीमोठी पितळी कुंडी, आणि साडू हात पुसत उभे. मला भरूनच आलं. म्हटलं, पोरीसाठी बापाने व्हिसा पणाला लावला. शुक्रवारी मुलाच्या आईने फायरप्लेसपुढे फोटो काढून घेतला, साखरपुडा ठरला. शनिवारी मी दिवसभर जीव मुठीत धरून बसलो होतो. काही झालं नाही. रविवारी नाही, पुढच्या महिन्यातही नाही. मोठं मशीन आलं आणि ते चालवायला साडूंनाच बसवलं. नवल म्हणजे ते निर्धास्त होते. पट्टेही बंद झाले.

त्या वर्षीच्या गणपतीला मखर लावताना मी कुंडी सरकवली. मागे चार बोटं जागा, नुसतं प्रायमर. साडूंनी घाईघाईने कुंडी परत लावली आणि माझा हात दाबला. "तुमच्या ताईला बोलू नका," म्हणाले. मी बोललो नाही. मुलीचं लग्न झालं, ती अबुधाबीला गेली, नात झाली. अबोली तशीच राहिली आणि साडू सात वर्षं आणखी टिकले.

मग साठी भरली आणि परत जायची वेळ आली. कंपनीचं घर पांढरं करून द्यायचं असतं. रंगारी सगळं घर रंगवून गेले, फायरप्लेस मात्र साडूंनी स्वतः रंगवली. सामान गेलं होतं, फक्त ती कुंडी उरली होती, कारण ती मला द्यायची होती. मी ती उचलली. चार बोटं तशीच. साडू ब्रश घेऊन वाकले, उभे राहिले, परत वाकले. मग ब्रश माझ्यापुढे धरला. "तुम्ही लावा. माझा हात उठत नाही." माझाही उठेना.

ताई दारातून बघत होती. ती आली, तिने ब्रश घेतला आणि खाली बसली. "सात वर्षं रोज पुसलीय मी ही जागा," ती म्हणाली. "मोलकरीण दरवेळी कुंडी पुढे ठेवायची. परत मागे कोण सरकवत होतं?"

तिने ब्रशच्या एकाच फटकाऱ्यात ती चार बोटं भरून टाकली आणि उठताना त्यांचा हात धरला. साडूंनी चष्मा कपाळावर सरकवून त्या पांढऱ्या चुलीकडे एकदा बघितलं. "थेंबभर पिवळा हवा होता," एवढंच म्हणाले, आणि दाराकडे वळले.

ती कुंडी आता माझ्या हॉलमध्ये आहे. तिच्या मागच्या खिडकीला इतकी वर्षं पडदा नाही. पाहुणे विचारतात, तेव्हा मी सांगतो, शेड नक्की व्हायचीय अजून. माझी बायको फक्त कुंडी थोडी मागे सरकवते आणि मनीप्लांटची पानं नीट पसरवून ठेवते.