पुडीकाकांचा नंबर

चाळीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीआड उभं राहून पुडीकाकांनी गावाला औषध पाजलं. डॉक्टर तीन बदलले, कंपाउंडर तोच. कागदाच्या तुकड्यात भुकटी टाकून ते अशी पुडी बांधायचे की ती सोडवता सोडवता पेशंटला घाम फुटायचा आणि ताप तिथंच उतरायचा. टोचलेल्या सुयांना तर गणतीच नाही. "हलू नको, मुंगी चावली समज," हे तान्ह्या पोरालाही तेच आणि पैलवानालाही तेच.

स्वतःच्या अंगात मात्र त्यांनी कधी सुई शिरू दिली नव्हती. सुईची पाळी आली की त्यांना परगावचं काम निघायचं. हे फक्त काकूंना ठाऊक होतं, आणि त्यांनी ते राखून ठेवलं होतं. संसारात असं एखादं हत्यार हाताशी असलेलं बरं.

काकांची भाची बालवाडी चालवायची. गेल्या साली लस टोचायला नर्सबाई आल्या, तर सतरातली नऊ पोरं कुंपणाखालून पसार झाली आणि एकीनं नर्सबाईंचा अंगठा चावला. नर्सबाई जाताना बजावून गेल्या, "पुन्हा असं झालं तर मी यायची नाही." आयांनी त्यावर कडी केली. पोरांना आपणच लांबच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, तर ही बालवाडी हवी कशाला, दुसरी बघू.

"मामा, गुरुवारी परत लस आहे," भाची म्हणाली. "पोरांची भीती मोडायला कोपऱ्यात खेळातला दवाखाना मांडून द्या. नाहीतर मला कुलूप लावावं लागेल."

काका हरखले. खोक्याला भोक पाडून खिडकी केली. बाटल्यांत रंगीत पाणी भरलं, वर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवली. बिनसुईच्या पिचकाऱ्या मांडल्या. पुठ्ठ्याचे नंबर कापले. डॉक्टरची खुर्ची तेवढी कपाटामागं ढकलली; एवढ्या वर्षांत डॉक्टर काय करतो ते त्यांनी बघितलंच कुठं होतं? नियम दोनच. नंबर म्हणजे नंबर, डॉक्टरच्या बापालाही थांबावं लागेल. आणि जो रडेल तो रांगेत सगळ्यात शेवटी.

झालं असं की सतराच्या सतरा पोरांना कंपाउंडरच व्हायचं होतं. खिडकीशी ही झोंबाझोंबी. डॉक्टर व्हायला एकटी चावरी तयार झाली, तीच ती, अंगठ्यावाली. पेशंट व्हायला कोणीच नाही. मग पेशंट झाले काका. चार दिवसांत त्यांना गोवर झाला, दात आले आणि दोनदा बाळंतपण झालं.

बुधवारी दवाखान्याची पाटी करायला पत्र्याचा डबा कापताना काकांचा तळवा फाटला. पत्रा गंजका. भाचीनं जखम धुतली नि म्हणाली, "उद्या नर्सबाई येतायतच. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन टाका."

"उद्या मला परगावी काम आहे."

"तुम्हाला कसलं काम?" काकू डबा द्यायला आल्या होत्या, त्या दारातूनच म्हणाल्या. "उद्या तुम्ही दिवसभर मोकळे आहात. मी बघते."

चावरीनं कान टवकारले आणि पुठ्ठ्याचा पहिला नंबर काकांच्या खिशात कोंबला.

गुरुवारी पोरं नंबर हातात धरून ओळीनं बसली. नर्सबाईंनी अंगठा मुठीत लपवून पेटी उघडली. काका म्हणाले, "आधी लहान पोरांचं उरकू."

"नंबर म्हणजे नंबर," चावरी म्हणाली.

सतरा जोड्या डोळे काकांवर. भाची नखं खात उभी. हा गडी पळाला तर मागं अख्खी बालवाडी पळणार, हे काकांनाही कळत होतं. ते बसले. बाही वर केली. चेहरा चुन्यासारखा.

"हलू नका काका, मुंगी चावली समजा," नर्सबाई म्हणाल्या. त्यांनाही हे वाक्य काकांनीच कधीकाळी शिकवलेलं.

सुई आत गेली नि काका असे केकाटले की बाहेरचं कुत्रं उठून निघून गेलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

भाचीनं डोळे मिटले. पोरं आता उठणार, तेवढ्यात चावरी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "रडला. शेवटी जा."

आधी एक पोर खुदकन हसलं, मग सगळीच. काका नाक पुसत रांगेच्या टोकाला जाऊन बसले. चावरी मागोमाग खुर्चीत चढली, लस घेतली, काकांकडं बघत. हूं की चूं नाही. मग काय, काकांच्या मागं जाऊन बसायची कोणाची तयारी? उरलेली सोळाही पोरं दात आवळून, गाल फुगवून टोचून घेऊन उतरली. एकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्यानं ते शिंक म्हणून खपवलं.

भाची खाली बसली आणि पाणी प्यायली. काका उठले, "चला, निघतो."

"तुमचा नंबर राहिलाय," पोरं एकसुरात म्हणाली आणि दार अडवून बसली.

नर्सबाईंनी चावरीला डोळा मारला आणि बिनसुईची पिचकारी तिच्या हातात दिली. काकांनी डोळे घट्ट मिटले. दंडाला प्लास्टिक टेकलं मात्र, काका पुन्हा केकाटले.

"परत शेवटी," चावरी म्हणाली.

बालवाडी बाराला सुटते. काकू पाऊण वाजता न्यायला आल्या, तेव्हा काका अजून रांगेतच होते.