न बांधलेला पट्टा

"मेंदूत रक्तस्राव झालाय," डॉक्टर म्हणाले. "इंट्रासेरेब्रल हेमरेज. म्हणजे मेंदूच्या आतली बारीक रक्तवाहिनी दाब सहन न होऊन फुटली. यांना बीपीच्या गोळ्या कधीपासून चालू होत्या?"

माझ्या थोरल्या दिरांनी, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, माझ्याकडे पाहिलं. दवाखान्यातलं काही निघालं की आमच्या घरात सगळे माझ्याकडेच बघतात, कारण मी गावची आशा सेविका आहे. आत अतिदक्षता विभागात त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली जाऊ, बेशुद्ध पडली होती. तिला आम्ही अक्का म्हणतो. जाऊ असली तरी मी तिला बहिणीसारखं अगंतुगं करते.

"गोळ्या न्हवत्या सर. तिला बीपी न्हाई," मी म्हणाले. आणि कुणी विचारलं नसताना वर हेही म्हणाले, "तिचं समदं रेकॉर्ड ऑनलाइन हाय. दावू का?"

ती सवयच लागली होती मला. तालुक्यात सगळ्यात आधी शंभर टक्के तपासणी माझ्या गावाची झाली, म्हणून मला प्रमाणपत्र आणि पुष्पगुच्छ मिळाला होता. फोटो ग्रुपवर फिरला होता. तेव्हापासून मी मोबाईल काढायला निमित्तच शोधत असे.

डॉक्टरांनी मोबाईल हातात घेतला. पान उघडायला वेळ लागत होता, आणि ते नुसतं गोल गोल फिरत असताना मला आठवलं. मोबाईल परत मागावासा वाटला, पण काय सांगून मागणार?

"एकशे बावीस, ऐंशी. दोन महिन्यांपूर्वीचं," त्यांनी वाचलं. मग दुसऱ्या हातातला कागद पाहिला. "पण इकोमध्ये हृदयाची भिंत जाड झालेली दिसतेय. लेफ्ट व्हेंट्रिक्युलर हायपरट्रॉफी म्हणतात याला. जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदयाचा स्नायू जाड होतो. त्याला वर्षं लागतात, दोन महिने नाही. मग हे एकशे बावीस मोजलं कुणी?"

"मीच, सर."

माणूस भला होता. "मशीन खराब असेल," ते म्हणाले.

"व्हय सर. जुनं झालंय."

मशीन नवं होतं, उन्हाळ्यातच आलेलं. आणि मी त्याचा पट्टा अक्काच्या दंडाला बांधलाच नव्हता.

हे सगळं लिहिताना आजही कान गरम होतात. पण माझ्यासारख्या कितीतरी बाया गावोगाव मोबाईल घेऊन फिरतात, आणि त्यांच्या भरवशावर कितीतरी घरं बसलेली असतात. त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात, कोरड्या भागात. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला निघतं, आणि गेलं की उन्हाळ्यापर्यंत परत येत नाही. म्हणून त्या वर्षी ठरलं की टोळ्या निघायच्या आत तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचं बीपी आणि साखर मोजून मोबाईलमध्ये भरायची. कल्पना फार चांगली होती. माणूस कोपरगावला असो की कर्नाटकात, तिथल्या डॉक्टरनं नंबर टाकला की त्याचा सगळा इतिहास समोर. एरवी आमच्या माणसांचा इतिहास प्लास्टिकच्या पिशवीत असतो, आणि पिशवी फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पाणी शिरलं की जाते.

मी जीव तोडून फिरले, हे खोटं नाही. वस्तीवर गेले, शेतात गेले. फक्त घर शेवटाला ठेवलं. घरचं काय, कधीही मोजता येईल. आमच्याकडे जेवायला वाढतानाही आधी पाहुणे आणि मग घरचे, तसंच ते.

शेवटच्या दिवशी दुपारी सहा नावं राहिली, सगळी आमच्या घरची. शेजारच्या गावची आशा माझ्या मागोमाग होती, आणि पहिलं यायचं माझ्या डोक्यात बसलं होतं. नोंदी पाठवण्याइतकी रेंज तेव्हा फक्त देवळाच्या ओट्यावर यायची. मी ओट्यावर बसले आणि सहा जणांचे आकडे मनानं भरले. सगळ्यांना सारखे दिले नाहीत, संशय येईल म्हणून. सासूबाईंना वयाच्या मानानं थोडे जास्त दिले. अक्काला एकशे बावीस, ऐंशी. प्रत्येक नावापुढे हिरवा ठिपका उमटला, म्हणजे सगळं ठीक. एवढी हुशारी मी कुठे शिकले, देव जाणे.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण निघायच्या आदल्या दिवशी अक्का सामान बांधता बांधता माझ्याकडे आली. "शोभे, डोकं लई जड पडतंय गं. मान बी धरती. बघ की जरा."

मी पीठ मळत होते. मशीन कपाटात होतं, पाच पावलांवर. मी पिठाच्या हातानं मोबाईल उघडला आणि तिला दाखवला. "हे बघ, हिरवं हाय. तुला काय बी झालं न्हाई. उन्हाचं असंल."

तिनं पडद्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि डोक्याला फडकं आवळून बांधलं. माझाच खोटा आकडा मी तिला पुरावा म्हणून दाखवला. आणि खरं सांगू? त्या क्षणी मलाही तो खराच वाटला होता.

कोपरगावच्या फडात उसाची मोळी डोक्यावर घेताना ती पडली. टोळीतल्या बायांना आधी वाटलं पाय घसरला. पण उजवा हात लुळा पडलेला आणि तोंड वाकडं झालेलं. तिथल्या दवाखान्यानं लगेच गाडी करून नगरला पाठवलं, आणि मी पाथर्डीहून एसटीनं पोचले.

पहिले बहात्तर तास महत्त्वाचे, असं डॉक्टर म्हणाले. मेंदूवरची सूज वाढली तर शस्त्रक्रिया, उतरली तर नशीब. दादा बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिले. त्यांच्या टाचांना फडातली माती तशीच होती. मला म्हणत होते, "तू हाय म्हणून धीर हाय गं. मला ह्यातलं काय कळतंय?" मी मान खाली घालून नळावर पाणी आणायला जात असे. बाटली भरलेली असली तरी जात असे.

दुसऱ्या दिवशी परत सीटी स्कॅन झाला. रक्ताचा डाग वाढला नव्हता. चौथ्या दिवशी अक्कानं डोळे उघडले. सहाव्या दिवशी तिनं मला ओळखलं, ओठ हलवले, पण शब्द आला नाही. डॉक्टर म्हणाले, "याला अफेझिया म्हणतात. शब्द डोक्यात असतात, तोंडापर्यंत पोचत नाहीत. हळूहळू येतील. सगळे येतील असं मी सांगू शकत नाही."

मला तेव्हा जे वाटलं ते लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. मला सुटल्यासारखं वाटलं. तिला बोलता येत नाही, म्हणजे पीठ मळतानाची ती गोष्ट ती कुणाला सांगणार नाही. एवढ्या खाली गेले होते मी. ज्या बाईनं माझ्या लग्नानंतर सासऱ्यांना सांगितलं होतं की "शोभा शिकलेली हाय, तिला फडात नेऊ नका, तिच्या वाटणीचं मी तोडते," तिच्याबद्दल.

अठरा दिवसांनी घरी आणलं. उजवा पाय ओढत का होईना, टाकायला लागली होती. हात मात्र लटकत होता. फिजिओथेरपी, म्हणजे निकामी झालेल्या अवयवाला व्यायामानं पुन्हा शिकवणं, रोज हवी होती आणि दर आठवड्याला तज्ज्ञाची नजर. नगरला न्यायचं तर जीप, एसटी, रिक्षा. मग त्या तज्ज्ञ मॅडमनीच मार्ग काढला. दर मंगळवारी मी मोबाईल खिडकीच्या कडेला, नव्या टॉवरची रेंज येते तिथं, उभा करायची, त्या पलीकडून बघायच्या आणि सांगायच्या, "खांदा उचलू नका, कोपर वाकवा. शोभाताई, बोटांना आधार द्या." कोरड्या माळावरच्या आमच्या घरात नगरचा दवाखाना येत होता. ज्या मोबाईलनं मी तिला फसवलं, त्याच मोबाईलवर ती बोटं हलवायला शिकत होती.

भेटायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, "शोभा हुती म्हणून वाचली बाई." दादा मान डोलवायचे. मला ते ऐकून आत जावंसं वाटायचं.

आणि मशीन? नगरच्या डॉक्टरांनी आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना ते खराब असल्याचं आपुलकीनं कळवलं होतं. मशीन तपासणीला गेलं. तीन आठवडे गावात कुणाचंच बीपी मोजलं गेलं नाही. कुणी आलं की मी सांगायची, "मशीन बिघडलंय." मग ते परत आलं, सोबत चिठ्ठी होती. मशीन व्यवस्थित आहे.

ती चिठ्ठी मी दोनदा वाचली आणि मग मात्र माझ्याच्यानं राहवेना. त्याच मंगळवारी, व्यायाम झाल्यावर, दादाही समोर असताना मी सांगून टाकलं. ओट्यावर बसले होते हे सांगितलं, मनानं आकडा भरला हे सांगितलं. "तुझं बीपी मी मोजलंच न्हवतं, अक्का." बोलता बोलता मला रडू फुटलं, आणि रडायचा आपल्याला हक्क नाही हेही कळत होतं.

दादा उठले आणि बाहेर गेले.

अक्का माझ्याकडे बघत राहिली. तिला एकेक शब्द शोधून आणावा लागत होता. "मला... ठावं हाय," ती म्हणाली. "पट्टा... कुठं... बांधलास?" बराच वेळ पुढचा शब्द येईना. मग म्हणाली, "मला वाटलं... आता मोबाईलला... बघूनच... कळत असंल."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी त्या पदरात घेतल्या असत्या. मी माणूस आहे, मी खोटं बोलू शकते, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. पट्टा न बांधताच कळण्याइतकी ती वस्तू शहाणी झाली असेल, असं ती धरून चालली होती.

दुसऱ्या दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना सगळं लेखी दिलं. प्रमाणपत्र परत केलं. ते रागावले, ताकीदही मिळाली, आणि ती योग्यच होती. घरची उरलेली पाच जणं मी त्याच दिवशी मोजली. सासूबाईंचं बीपी मी दिलेल्यापेक्षा बरंच जास्त निघालं. त्यांना आता गोळी चालू आहे.

दादा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. आता कामापुरतं बोलतात. त्याहून जास्त मी मागत नाही.

तुमच्या घरी कुणी बीपी मोजायला आलं तर दंड पुढे करा आणि पट्टा बांधून घ्या. आणि मोजणारी तुम्ही असाल तर घर शेवटाला ठेवू नका. नगरच्या डॉक्टरांचे, त्या मॅडमचे आणि अक्काला गाडीत घालणाऱ्या टोळीतल्या बायांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

जुनी नोंद पुसता येत नाही. खाली नवी जोडता येते, एवढंच. अक्काचं पान उघडलं की एकशे बावीस, ऐंशी आणि त्यापुढचा हिरवा ठिपका अजून दिसतो.

आता दर रविवारी सकाळी मी तिचं बीपी मोजते. नेहमी डाव्या दंडाला, चांगल्या हाताला, कारण डॉक्टरांनी तसंच सांगितलंय. परवाच्या रविवारी मी पट्टा उलगडला तर तिनं डावा हात मांडीखाली दाबून ठेवला. मग दात आवळून उजवा हात उचलला. वीतभर असेल.

"आज... ह्याला... बांध," ती म्हणाली.

मी बांधला. मग डॉक्टरांसाठी डाव्यालाही बांधला, आणि जो आला तोच आकडा लिहिला.