उंबऱ्याच्या आत तमिळ नाही

तुळसी माझी मैत्रीण. कुंभकोणमच्या टायपिंग क्लासात आम्ही शेजारी बसायचो. पुढे मी साहित्यात बी.ए. झाले. ती वरदराज सरांच्या कॉम्प्युटर सेंटरात टायपिस्ट म्हणून लागली आणि पुस्तकं वाचून जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकली. चार वर्षांत प्रोग्रॅमर झाली.

१९९९ साली जवळच्या नाचियारकोविल गावातल्या, पितळी समया ओतणाऱ्या एका समईवाल्याचं काम आलं. वेबवर फॉर्म भरला की किती उंचीची समई किती दिवसांत मिळेल, ते सांगायचं. तुळसीनं केलं. मग त्याच्याकडून समया घेणाऱ्या सिंगापूरच्या एका दुकानदारानं कळवलं, आम्ही फॉर्म भरणार नाही. आमचा कॉम्प्युटर तुमच्या सर्व्हरला थेट विचारील. त्या विनंतीची भाषा निराळी. तुळसीनं ती त्याच प्रोग्रॅममध्ये घुसवली, तर फॉर्म बंद पडला. फॉर्म सुधारला, तर सिंगापूरला भलतंच उत्तर गेलं: तीन फुटी समई, दोन दिवसांत!

"शुक्रवारी दुपारी ते पुन्हा विचारणार," सर म्हणाले. "चुकलं तर काम चेन्नईच्या कंपनीला. आणि तू परत टायपिंगला."

बुधवारी सेंटरची फोन लाइन मेली. सर्व्हर चेन्नईत. तिथं पोचायला दुसरी वाट नव्हती.

त्या दुपारी मी तिच्या घरी जेवायला होते. घर तंजावरी मराठी, उंबऱ्याच्या आत फक्त मराठीच बोलायची. तिची आई, गंगाबाई, सोवळ्यात स्वयंपाक करत होत्या. सोवळ्यात त्या दाराशी येत नाहीत. शेजारच्या शिवकामी मामींनी दारातून तमिळमध्ये रसम मागितलं. तुळसी आत वळून मराठीत म्हणाली, "आई, वाटीभर सार." गंगाबाईंनी वाटी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवली. कोणाला, विचारलं नाही. तुळसीनं ती दारात दिली. मग फुलवाल्यानं पाणी मागितलं. तसंच झालं.

नंतर तुळसी जेवता जेवता थांबली.

"कोण आलंय ते आईला कधीच कळत नाही."

"कशाला कळायला हवं? दारात तू आहेस ना," मी म्हटलं.

ती उठलीच.

"तुळशे, ताट टाकून कुठं चाललीस गं?" गंगाबाई ओरडल्या.

सेंटरात जाऊन तिनं प्रोग्रॅमचे दोन भाग केले. एक दारातला. तो कोणाचीही विनंती वाचतो, आत सांगतो आणि उत्तर मागणाऱ्याच्या भाषेत देतो. दुसरा आतला, एक साधा ऑब्जेक्ट, स्वतःपुरता चालणारा. उंची सांगा, तो दिवस सांगतो. वेब म्हणजे काय, त्याला ठाऊक नाही.

आणि ठाऊक नाही म्हणून त्याला लाइनही लागत नाही! मी समईवाल्यानं दिलेल्या वहीतून उंच्या वाचत गेले, ती आतल्या भागाला विचारून दिवस वहीशी ताडत गेली. तिसाव्या प्रश्नाला चूक सापडली. तीन फुटी समई तुकड्यातुकड्यांनी ओततात. तिनं एकाच तुकड्याचे दिवस धरले होते.

"लाइन मेलीय. करतेस काय, भजन?" सरांनी विचारलं.

"आतलं काम, सर."

शुक्रवारी अकराला लाइन आली. दारातला भाग तेवढा तपासायचा उरला होता. बाराला सिंगापूरनं विचारलं: छत्तीस इंच. उत्तर गेलं: सव्वीस दिवस. सरांनी धावत जाऊन तेच फॉर्मवर भरलं. सव्वीस दिवस. त्यांनी समईवाल्याला फोन लावला.

"सव्वीसच," तो म्हणाला. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

साडेबाराला सिंगापूरहून ईमेल आला. उत्तर नीट मिळालं, काम तुमच्याकडेच राहू द्या.

मी आ वासून बघत राहिले. तुळसीच्या टेबलावरचा जुना टाइपरायटर सरांनी स्वतः उचलला आणि कपाटावर ठेवून दिला.