मूक पाठ

डिसेंबर १९९८ मधल्या एका शनिवारी, शिरूर तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत, ऐकू न येणाऱ्या एका शिक्षकानं पस्तीस-चाळीस शिक्षकांसमोर चौथीचा गणिताचा पाठ घेतला. पाठभर कोणी एक शब्द बोललं नाही. पाहणाऱ्यांपैकी मी सोडून कोणालाच त्याचं कारण माहीत नव्हतं.

शाळा दोनशिक्षकी होती. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी त्यांच्याकडे. वस्ती त्यांना मोठे गुरुजी म्हणत असे आणि मला नुसतं बाई. शिक्षक होण्याआधी दोन वर्षं मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर होते. 'समजते' आणि 'बोलले जाते' हे शब्द बातमीतून काढून टाकणं हे तिथलं माझं मुख्य काम. ते वळण राहिलं आहे. खाली आहे ते मी स्वतः पाहिलेलं, किंवा ज्याला दुसऱ्या कोणाचा दुजोरा आहे असं.

शाळेच्या तीन बाजूंनी ऊस होता आणि चौथ्या बाजूला भीमेकडे उतरणारी पांदीची वाट. वस्तीवरच्या घरांत आजोबांच्या पिढीनं मेंढरं राखली होती, बापांच्या पिढीनं ऊस लावला होता. थोडी मेंढरं अजून होती. मी रुजू झाले त्या आठवड्यात एका दुपारी व्हरांड्यातून मोठ्या गुरुजींना हाक मारली. ते फळ्याकडे तोंड करून उभे होते, वळले नाहीत. पुन्हा मारली. चौथीतली एक मुलगी उठून दाराशी आली.

"बाई, पुढनं जावा. गुरुजींला पाठीमागनं आयकू येत न्हाई."

"पुढून येतं?"

"पुढनं बी न्हाई. पण पुढनं त्यांला दिसतं."

"कधीपासून असं?"

"मी पयलीत व्हते तवापसनं."

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"समद्या वस्तीला म्हाईत हाय. तुमाला आन् सायबालाच न्हाई."

एवढं सांगून ती जागेवर जाऊन बसली. नंतर पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की त्या वर्गात जागेवरून उत्तर देण्याची पद्धतच नव्हती. उत्तर आलं की मूल उठे, फळ्याशी जाई, लिही आणि परत येई. समजलं असेल तर डोक्यावर तळहात, नसेल तर छातीशी मूठ. थांबा म्हणायचं तर हात आडवा. या खुणा गुरुजींनी शिकवलेल्या नव्हत्या. मुलांनी त्या घरून आणल्या होत्या. वाऱ्यात हाळी पोचत नाही तेव्हा मेंढरांमागे लांबवर असलेल्या माणसाला अशाच खुणा करतात, असं त्याच मुलीनं मला सांगितलं. तिच्या आजोबांनीही पुढे ते खरं असल्याचं सांगितलं.

मोठे गुरुजी याबद्दल माझ्याशी एकदाच बोलले. शाळा सुटल्यावर आम्ही पांदीनं रस्त्याकडे चाललो होतो. त्यांचा आवाज अलीकडे फार खाली गेला होता.

"तुम्हाला कळलंय, हे मला कळलंय," ते म्हणाले. "दोन वर्षं राहिलीत माझी. वर कळलं तर पगार काही थांबवणार नाहीत. कुठंतरी कचेरीत टेबलाशी बसवतील. वर्ग काढून घेतील." थोडं चालून झाल्यावर म्हणाले, "वर्ग नको जायला."

मी मान हलवली. त्यांनी ती पाहिली.

आसपासच्या दहा-बारा शाळांचं मिळून एक केंद्र असतं आणि त्यावर देखरेखीला एक केंद्रप्रमुख. महिन्यातून एकदा केंद्रातले सगळे शिक्षक एका शाळेत जमत. याला केंद्र संमेलन म्हणत. बाहेरून कोणी तज्ज्ञ येत नसे. शिकवणारे आपलेच आणि शिकणारेही आपलेच. यजमान शाळेतला ज्येष्ठ शिक्षक खऱ्या मुलांना पाठ देई, बाकीचे मागे बसकरपट्ट्यांवर बसून पाहत. मग चर्चा. चर्चेचा क्रम ठरलेला होता: आधी गुण, मग सूचना. गुणांच्या वेळी प्रत्येक जण एकेक वाक्य बोले. सूचनांच्या वेळी चहा येई.

हा चहा गेली तीन-चार वर्षं मोठे गुरुजीच करत आले होते, संमेलन कोणत्याही शाळेत असो. पाठ संपला की ते उठत, व्हरांड्यात स्टोव्हला पंप मारत बसत, आणि चर्चा आटोपल्यावर कपबशा गोळा करत. एवढा ज्येष्ठ माणूस चहा करतो, याचं केंद्रात कौतुक होतं. डिसेंबरात पाळी आमच्या शाळेची आली आणि पाठ त्यांच्याकडे आला.

त्या दिवशी नदीवरून आलेलं धुकं साडेआठपर्यंत उसात होतं. शिक्षक एकेक करून त्यातून बाहेर आले. काही सायकलवर, काही वडाप जीपनं रस्त्यापर्यंत आणि पुढे पायी. रांजणगावकडच्या शाळेतले एक गुरुजी मोटरसायकलवर आले, कानाला मफलर गुंडाळून. त्यांच्या तोंडाला विश्रांती नसे.

"मोठे गुरुजी, आज चहाची आबाळ होणार म्हणा की."

मोठे गुरुजी हसले. समोरचा हसला की ते हसत.

पाठ अपूर्णांकांचा होता. त्यांनी मुलांना वर्तमानपत्राचा एकेक ताव वाटला, मग फळ्यावर लिहिलं: 'आज कोणी बोलायचं नाही.' मागे बसलेल्यांनाही त्यांनी ते बोटानं दाखवलं. स्वतःचा ताव उचलून मधोमध दुमडला. मुलांनी दुमडला. पुन्हा दुमडला, पुन्हा. कौलांत एक काचेचं तावदान होतं, त्यातून उतरलेलं ऊन फरशीवर चौकोनी पडलं होतं आणि पाठाबरोबर सरकत होतं. कागदाचा आवाज येत होता. बाहेर उसाची पानं एकमेकांवर घासत होती. लांब रस्त्यावरून कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरवरचं गाणं आलं, मोठं झालं, लहान झालं आणि गेलं. खोलीत ते कोणासाठी वाजत नव्हतं.

त्यांनी फळ्यावर एक चतुर्थांश आणि एक अष्टमांश लिहिले, मध्ये रिकामा चौकोन. मोठं कोण? चौथीची मुलं इथे हमखास आठ पाहून चुकतात. एका मुलाला उठवलं. तो चौकोनात चूक चिन्ह भरून आला. गुरुजींनी ते पुसलं नाही. ते फक्त बाजूला झाले. मुलगा फळ्याकडे पाहत राहिला, मग आपल्या तावातून एक चतुर्थांश आणि एक अष्टमांश असे दोन तुकडे फाडून घेऊन गेला, एकावर एक ठेवून पाहिले, आणि स्वतःच चिन्ह बदललं. सगळ्या वर्गाचे तळहात डोक्यावर गेले. मागच्या ओळीतल्या काही शिक्षकांचेही गेले. रांजणगावकडच्या गुरुजींचा गेलेला मी पाहिला. त्यांनी मफलर काढून मांडीवर ठेवला होता.

पाठ किती वेळ चालला ते मला सांगता येत नाही. घड्याळ होतं, पण पाहिलं नाही. नंतर दोघांना विचारलं, त्यांनीही पाहिलं नव्हतं.

पाठ संपला आणि मोठे गुरुजी स्टोव्हकडे गेले. चर्चा त्यांच्या मागे झाली.

"ही पद्धत नवीन आहे," केंद्रप्रमुख म्हणाले. "हिला नाव काय देऊ या?"

"मूक पाठ," कोणीतरी सुचवलं.

"माझ्याकडं निम्मी पोरं हिंदीवाली हायेत," रांजणगावकडचे गुरुजी म्हणाले. "कंपन्यांत आलेल्या माणसांची. मी मराठीत भागाकार सांगतो, तर माझंच कायतरी चुकलंय अशी बघत्यात. तिथं हे करून बघतो."

जानेवारीच्या संमेलनात त्यांनी सांगितलं, "केलं बरं का. यूपीचं पोरगं आन् आपलं पोरगं एकाच येळी एकाच जागी चुकलं. लई समाधान वाटलं."

महिन्याभरात केंद्रातल्या चार शाळांत आठवड्याचा एक तास मूक झाला. माझ्या पहिलीच्या वर्गातही झाला. त्या हिवाळ्यात मीही कमी बोलू लागले. घरी पाणी हवं असलं तर हात होई. रात्री पडणाऱ्या स्वप्नांत माणसं येत, तोंडं हलत, आवाज नसे. हे मी तेव्हाच नवऱ्याला सांगितलं होतं आणि त्याला ते आठवतं, म्हणून इथे लिहिते आहे.

फेब्रुवारीत नदीपलीकडून, दौंड तालुक्यातून, बोलावणं आलं. यवतजवळच्या एका शाळेत तिकडच्या शिक्षकांसमोर मोठ्या गुरुजींनी हा पाठ द्यावा. केंद्रप्रमुखांनी होकार कळवून टाकला आणि मग गुरुजींना सांगितलं. गुरुजी हसले.

आम्ही चौघं गेलो. ते, केंद्रप्रमुख, रांजणगावकडचे गुरुजी आणि मी. न्हावऱ्यावरून जीप पुढे भीमेच्या पुलावर आली तेव्हा मोठे गुरुजी माझ्याकडे वाकले.

"तिथं चहा कोण करणार आहे?"

मला माहीत नव्हतं. यवतला पोचल्यावर कळलं. शाळा हायवेलगत होती आणि चहा समोरच्या हॉटेलातून किटलीत येणार होता.

तिथल्या मुलांना खुणा माहीत नव्हत्या. गुरुजींनी त्या फळ्याजवळ उभं राहून करून दाखवल्या: तळहात, मूठ, आडवा हात. मुलांनी त्या लगेच उचलल्या. मग ताव वाटले, आणि बाहेर हायवेवरून ट्रक जात असताना आत ती डिसेंबरातली शांतता पुन्हा आली. मुलं अनोळखी होती, तरी चूक त्याच चौकोनात झाली आणि तशीच दुरुस्त झाली. तळहात वर गेले.

मुलं बाहेर गेली. किटली आली. मोठे गुरुजी जागेवरून हलले, दोन पावलं टाकली, किटली घेऊन आलेल्या माणसाकडे पाहिलं आणि परत फळ्याशी आले. फळा पुसू लागले.

गुणांची वाक्यं झाली. ती ऐकायला वळण्याची गरज नव्हती. मग मागच्या रांगेतल्या एका तरुण शिक्षकानं विचारलं, "गुरुजी, ही पद्धत तुम्हाला सुचली कशी?"

डस्टर फळ्यावर फिरत राहिलं.

"गुरुजी, प्रश्न आहे एक," तो जरा मोठ्यानं म्हणाला.

"आवो, हितं स्टोव्ह न्हाई," रांजणगावकडचे गुरुजी हसत म्हणाले. "आता बोलावंच लागंल." वाक्य संपेपर्यंत त्यांचं हसू थांबलं होतं. ते मोठ्या गुरुजींच्या पाठीकडे पाहत होते.

मी उठले. उत्तर मी देणार होते, काय ते ठरलेलं नव्हतं. तेवढ्यात मोठे गुरुजी वळले. सगळे आपल्याकडे पाहताहेत हे त्यांनी पाहिलं. मला उभं पाहिलं आणि हात आडवा केला: थांबा.

खडू घेऊन त्यांनी नुकत्याच पुसलेल्या फळ्यावर लिहिलं, 'मला ऐकू येत नाही. प्रश्न इथे लिहावेत.' मग खडू समोर धरला.

किटली आणणारा माणूस दारात थांबला होता. मग रांजणगावकडचे गुरुजी उठले, त्यांनी खडू घेतला आणि लिहिलं, 'कधीपासून?'

'चार वर्षं झाली.'

'आम्हाला का नाही सांगितलं?'

मोठ्या गुरुजींनी लिहिलं, 'वर्ग जाईल.'

यानंतर केंद्रप्रमुख उठले. ते फळ्यापर्यंत जाईतो मला रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीचा आवाज वेगळा ऐकू येत होता. त्यांनी पाचही ओळी वाचल्या. चष्मा पुसला, पुन्हा वाचल्या. मग डस्टर उचलून फळा स्वच्छ पुसला, वरपासून खालपर्यंत, आणि मधोमध लिहिलं: 'गुण झाले. आता सूचना.'

खडू त्यांनी फळ्याच्या कडेवर ठेवला आणि जागेवर जाऊन बसले.

पहिला तो तरुण शिक्षक उठला. त्यानंतर आणखी दोघं. थोड्या वेळानं फळ्याशी रांग लागली होती. प्रश्न लिहिला जाई, त्याखाली उत्तर, जागा संपली की पुसून पुढचा. मोठ्या वर्गाला जमेल का? भाषेच्या तासाला काय करावं? मुलं खुणांनी भांडतात का? याला गुरुजींनी 'हो, फार' असं उत्तर दिलं आणि खोलीत बिनआवाजाचं हसू झालं. चहा आला तसा निवत गेला. त्या संमेलनात सूचना शेवटपर्यंत चालल्या. मी गेलेल्या कोणत्याही संमेलनात तसं आधी झालं नव्हतं. शेवटची सूचना पाठीमागे बसलेल्या एका बाईंची होती. त्यांनी लिहिलं, 'पद्धत चांगली आहे. फळा उंच आहे. लहान मुलांचा हात पोचत नाही.'

परतीला पुन्हा तीच जीप होती. पूल आला तेव्हा ऊन नदीवर आडवं पडलं होतं आणि पाणी जवळजवळ हलत नव्हतं. रांजणगावकडच्या गुरुजींनी मोठ्या गुरुजींच्या गुडघ्यावर टकटक केलं, त्यांनी पाहिल्यावर छातीशी मूठ धरली आणि मग तळहात डोक्यावर ठेवला. मोठ्या गुरुजींनी मान हलवली.

यवतबद्दल केंद्रप्रमुखांनी मला नंतर काही विचारलं नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा चौथीचा वर्ग मोठ्या गुरुजींकडे होता. त्यापुढच्या जूनमध्येही होता. नोव्हेंबर २००० च्या अखेरीस ते त्याच वर्गावरून निवृत्त झाले. शाळेतला फळा तोवर वीतभर खाली आला होता.