बावखलाकाठची खूण

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, भातकापणीच्या दिवसांत, गास गावाजवळच्या एका बंगल्यात वृद्ध दांपत्य आणि त्यांची शाळकरी नात यांचा कोयत्याने खून झाला. कपाट फोडलेलं होतं. त्याच आठवड्यात त्यांच्या वाडीतले नारळ उतरवणाऱ्या तरुणाला अटक झाली. खून होताना पाहिलेला एकही साक्षीदार नव्हता आणि कोयता सापडलेला नव्हता.

त्या तरुणाची आई माणिकपूरला आमच्या इमारतीत भाजी विकायला येई. विधवा होती, मुलगा एकच. माझी आई आणि ती रोज भांडत.

"मावशी, वांगी किडकी आहेत."

"किडकीच घ्या वहिनी. औषध मारलेलं नाय, म्हनून कीड जगली."

अटकेनंतर काही दिवस ती आली नाही. एका सुट्टीच्या सकाळी माझे वडील रिक्षा स्टँडजवळ उभे असताना पोलिसांची जीप थांबली. आरोपी कोयत्याची जागा दाखवायला तयार झाला होता आणि पोलिसांना पंच हवा होता, म्हणजे सगळं डोळ्यांदेखत झालं असं पुढे कोर्टात सांगणारा बाहेरचा माणूस. वडील सरकारी कार्यालयात कारकून होते.

"सरकारी माणूस बरा," फौजदार म्हणाले. "नंतर फिरत नाही."

जीप गासला त्या बाईच्याच घरामागे थांबली. तिथे त्यांचं बावखल होतं, वाडी शिंपायचं गोड्या पाण्याचं तळं. ती मागच्या दारात उभी होती. मुलाला जीपमधून उतरवलं. मग त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली. त्याने केळीखालचा काठ बोटाने दाखवला. हवालदार पाण्यात उतरला आणि कोयता घेऊन वर आला. पंचनाम्यात बोट आलं, मान आली नाही. वडिलांनी सही केली.

पुढच्या आठवड्यात ती टोपली घेऊन पुन्हा दारात उभी राहिली. आईने पडवळ उचललं, खाली ठेवलं.

"त्याच बावखलाचं पाणी?"

"आमच्याकडं दुसरं पानी कुठाय, वहिनी?"

आईने पडवळ घेतलं. त्यानंतर भाव करणं बंद झालं.

खटला ठाण्याच्या सत्र न्यायालयात उभा राहिला. वडिलांच्या साक्षीच्या आदल्या संध्याकाळी ती टोपलीशिवाय आली. खुर्चीवर बसली नाही.

"भाऊ, मी मान हलवली ते तुम्ही पाहिलं ना?"

"पाहिलं."

"मग उद्या ते सांगा. वकील बोलला, कोयता कुठंय ते मलापन ठाऊक होतं असं झालं, तर एकट्या त्याच्यावर येनार नाय. पोरगा वाचंल."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

तिने पदर डोक्यावर ओढून घेतला.

"मावशी, उद्या तुम्हालाही आत टाकतील," आई म्हणाली.

"टाकू द्या. मला आत घालून काय मिळनार त्यांना, वांगी?"

कोणी हसलं नाही. वडील म्हणाले, "विचारलं तर सांगेन. पण बोट त्याने दाखवलं, तेही सांगेन."

"तेवढं बस," ती म्हणाली आणि गेली.

त्या रात्री आई वडिलांना एवढंच म्हणाली, "कागदात नाही ते कशाला बोलायचं? नोकरीवर गदा यायची."

दुसऱ्या दिवशी मी वडिलांसोबत ठाण्याला गेलो. ती मागच्या बाकावर बसली होती. सरकारी वकिलांनी पंचनामा वदवून घेतला. मग बचावाचे वकील उठले. आरोपीने जागा दाखवण्यापूर्वी कोणी खूण केली होती का, असं त्यांनी विचारलं. फौजदार भिंतीशी उभे होते. वडिलांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"त्याच्या आईने मान हलवली. बोट त्याने दाखवलं."

न्यायाधीशांनी दोन्ही वाक्यं लिहून घ्यायला सांगितली. बाहेर आल्यावर फौजदार वडिलांशी बोलले नाहीत. तिने लांबूनच हात जोडले.

निकाल पावसाळ्यानंतर लागला. वडिलांची साक्ष विश्वासार्ह ठरली: पोलिसांना अडचणीची गोष्टही ज्या पंचाने लपवली नाही, त्याच्यावर अविश्वास दाखवण्याचं कारण नाही. आरोपीच्या आईने मान हलवली ती मुलाने खरं सांगावं म्हणून, असा अर्थ न्यायालयाने लावला. कोयता आरोपीनेच लपवला होता, या निष्कर्षाला त्या खुणेने बळकटीच येते, असंही निकालात म्हटलं होतं. फाशीची शिक्षा झाली. तिच्यावर गुन्हा दाखल झाला नाही.

आमच्या इमारतीत ती पुन्हा आली नाही. आई बाजारातून भाजी आणू लागली.

उच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली, सर्वोच्च न्यायालयानेही. काही वर्षांनी दयेचा अर्ज फेटाळला गेला. फाशी झाली त्या दिवशी मी वर्तमानपत्राच्या कार्यालयात बातम्यांच्या टेबलावर होतो. खात्रीसाठी तुरुंगात फोन मीच लावला. शिक्षा सकाळी अमलात आणली, असं अधिकाऱ्याने सांगितलं. मृतदेह त्याच्या आईच्या ताब्यात दिला होता.