आवाज न करणारा लॅपटॉप

मशीन आवाज करत नसेल तर ते काम करत नाही, हे कोल्हापूरकरांच्या डोक्यात ज्यानं कुणी भरवलं, तो माणूस मला एकदा भेटायला हवा. त्यानं माझे पंधरा दिवस खाल्लेत.

दोन हजार नऊची गोष्ट. बी.एस्सी. करून मी राजारामपुरीत अप्पांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात लागलो होतो. अशा दुकानात किस्से धुळीसारखे साठतात, रोज झटकले तरी. त्यातले हे फक्त एका लॅपटॉपचे. मी हट्टानं पुण्याहून मागवलेला, वहीएवढा पातळ. आत फिरणाऱ्या तबकडीची हार्ड डिस्क नाही, एसएसडी. म्हणजे नुसत्या चिप्स, हलणारं काहीच नाही.

अप्पा म्हणाले, "इंजिनीअर, पंधरा दिवस. खपला तर आणखी मागवू. न्हाय खपला तर ह्यो पुण्याला परत, आणि तुझं ते एसएसडी पुन्हा माझ्या दुकानात न्हाय."

मी इंजिनीअर नाही. अप्पा चिडले की मला इंजिनीअर म्हणत.

* * *

पहिले आले उद्यमनगरातले लेथवाले मामा. आयुष्य लोखंड कातणाऱ्या लेथच्या आवाजात गेलेलं. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही, लॅपटॉप उचलून थेट कानाला लावला.

"पावणं, ह्यो बंद हाय."

"चालू आहे मामा. गाणं वाजतंय बघा."

"गाणं वाजतंय खरं. इंजिन लागंना."

आणि शेजारचा, घरघरणारा, जाडजूड लॅपटॉप घेऊन गेले.

* * *

मग मी शर्यतच लावली. काउंटरवर एक जुना हार्ड डिस्कवाला आणि एक हा. दोन्हींची बटणं एकदम दाबायची. जुन्यावर अजून कंपनीचं चित्र फिरत असायचं, तोवर ह्याच्यावर फाइल उघडलेली.

एका शिक्षिकाबाईंनी चष्मा पुसून पाहिलं. "रिकामा आहे म्हणून पळतोय."

मी दोन्हींत सारख्या फाइली भरल्या. पुन्हा हाच जिंकला. बाईंनी त्याच्या पोटाला हात लावला.

"गार आहे. मन लावून काम करत नाही."

* * *

गडमुडशिंगीच्या एका पाटलांनी दोन हातांत दोन लॅपटॉप तोलले आणि अप्पांना विचारलं, "ह्यो निम्मा भरतोय. उरलेला कुठं हाय?"

वाईट म्हणजे अप्पांनी माझ्याकडं पाहिलं.

* * *

तेराव्या दिवशी आमचा रिपेअरवाला संज्या म्हणाला, "टेबलाखाली एक पंखा सोडूया. घर्रर्र झालं की खपतोय बघ."

"खोटा आवाज विकायचा नाही."

"मग खरा गप बसतोय तो इक."

* * *

पंधराव्या दिवशी पुण्याला परत पाठवायचा खोका मी भरत होतो, तेव्हा राधानगरीकडचे जनावरांचे डॉक्टर आले. मोटरसायकलवर गोठे फिरून त्यांच्या लॅपटॉपची तिसरी हार्ड डिस्क गेली होती.

मी म्हटलं, "धक्क्यानं तबकडी जाते. ह्यात तबकडीच नाही."

"बोलू नका. गाडीवर मागं बसा."

संज्यानं शर्यतीतला जुना आणि हा नवा, दोन्ही चालू लॅपटॉप एका पिशवीत घातले. पिशवी पोटाशी धरून मी बसलो. पन्हाळ्याच्या वाटेवरचा एकही खड्डा डॉक्टरांनी चुकवला नाही. काही तर वळून पुन्हा घेतले.

परत येऊन काउंटरवर दोन्ही उघडले. पातळ लॅपटॉपवर फाइल जशीच्या तशी. जुन्याची स्क्रीन काळी, आणि आतून सारखं कटकट, कटकट. संज्यानं मान हलवली. "मेला. डिस्क मरताना असंच वाजतंय."

डॉक्टरांनी पातळ लॅपटॉप औषधांच्या बॅगेत टाकला आणि निघाले. अप्पांनी पैसे मोजून गल्ल्यात टाकले. मग म्हणाले, "पुण्याला फोन लाव. आणखी चार सांग."

'इंजिनीअर' म्हणाले नाहीत.

तेवढ्यात लेथवाले मामा माउस घ्यायला आले. काउंटरवर तो जुना अजून कटकटत होता. मामांनी तो उचलला, कानाला लावला, डोळे मिटून नीट ऐकला.

"अप्पा, आमच्यापरास ह्याचं इंजिन जोरात हाय. बदलून देतासा काय?"